रेकॉर्डवर कोणतं जुनं काम काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मी माझं जुनं काम दोनदा विनाइलवर, म्हणजे सुईने वाजणाऱ्या रेकॉर्डवर, काढलं. पहिल्यांदा निवड फसली, दुसऱ्यांदा बरी जमली. तेव्हापासून ओळखीतले गाणारे-वाजवणारे तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

माझ्याकडे वीस वर्षांचं काम साठलं आहे. सुरुवात कुठून करू?

ऐकण्यापासून करू नका. ऐकायला बसलं की आठवणी आडव्या येतात आणि 'आपला तो बाब्या' होतो. आधी नुसती यादी करा: ध्वनिमुद्रण कधीचं, टेपवर आहे की फाइलमध्ये, मूळ मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम ध्वनिमुद्रण) आज कुणाच्या कपाटात आहे, लांबी किती, कोणी कोणी वाजवलंय, करार कुणाशी झाला होता. निम्मं काम या यादीतच गळतं. माझ्या यादीत अकरा नावं होती. मास्टर सापडतो आणि हक्क मोकळे आहेत, अशी चारच उरली. ऐकायला बसलो ते त्यानंतर.

सगळ्यांत जास्त ऐकली जाणारी गाणीच काढावीत ना?

तो आकडा फसवा आहे. स्ट्रीमिंगवर एखादं गाणं लाखभर वेळा वाजतं ते बहुतेकदा कुणाच्या तरी प्लेलिस्टमध्ये, मागे काहीतरी काम चालू असताना. रेकॉर्ड विकत घेणारा वीस मिनिटं एका जागी बसायची तयारी ठेवून पैसे मोजतो. त्यामुळे एकेका गाण्यापेक्षा पूर्ण अल्बम ओळीने कितीजण ऐकतात ते मी बघतो. आणि कार्यक्रम संपल्यावर लोक जवळ येऊन कशाबद्दल विचारतात तेही. 'ते अमुक अजून मिळतं का हो?' असं तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं असेल, तर कुठल्याही आलेखापेक्षा मला ते भरवशाचं वाटतं.

एका बाजूवर किती मिनिटं बसतात?

१२ इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला १८ ते २० मिनिटं आरामात. २२ पर्यंत ठीक. २५ च्या पुढे गेलात की किंमत मोजावी लागते, आणि ती आवाजात मोजावी लागते.

आवाज म्हणजे सुई ज्यातून फिरते त्या खाचेचं डावी-उजवीकडे डुलणं. आवाज जितका मोठा आणि खर्ज जितका भरदार, तितकी खाच जास्त डुलते आणि शेजारच्या खाचेपासून तितकं अंतर ठेवावं लागतं. तबकडीवरची जागा तर ठरलेली. मिनिटं वाढवली की खाचा जवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाज खाली करावा लागतो, आणि आवाज खाली गेला की तबकडीची स्वतःची खरखर वर येते. संगीत जितकं संथ आणि मोकळं, तितकी ती जास्त टोचते.

माझी पहिली चूक हीच. एक बाजू २७ मिनिटांची केली, कारण एकही गाणं सोडवेना. कटिंग करणाऱ्या, म्हणजे तबकडीवर खाच कापणाऱ्या, इंजिनिअरने दोनदा सांगून पाहिलं, मी हटून बसलो. रेकॉर्ड हाती आली तेव्हा व्हॉल्यूमचं बटण नेहमीपेक्षा बरंच फिरवावं लागत होतं आणि शांत जागी बारीक पाऊस लागल्यासारखी सरसर ऐकू येत होती. दोष कारखान्याचा नव्हता.

बाकीची मापं थोडक्यात. १२ इंचीच पण ४५ फेऱ्यांची असेल तर साधारण १० ते १२ मिनिटं, ७ इंची ४५ फेऱ्यांची असेल तर चार-साडेचार. १० इंची ३३⅓ वर बारा-तेरा मिनिटं नीट बसतात. काम मोजकंच असेल तर तिचा विचार जरूर करा. पाच गाण्यांना १२ इंची म्हणजे ढगळ सदरा होतो.

गाण्यांचा मूळ क्रम बदलला तर चालेल का?

बऱ्याचदा बदलावाच लागतो.

तबकडी एकाच गतीने फिरते, एका फेरीला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला तेवढ्या वेळात सुईखालून जवळजवळ ९० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाशी जेमतेम ३८. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत लिहायचं म्हटल्यावर वरच्या, धारदार स्वरांची दाटी होते. झांजा फाटतात, 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे उडतात. म्हणून भडक, मोठ्या आवाजाचं गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवायचं आणि मऊ, कमी वाद्यांचं शेवटी. पंचाईत अशी, की बहुतेक अल्बम आपण नेमके दणक्यात संपवलेले असतात.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. रेकॉर्ड मध्येच थांबते. ऐकणारा उठतो, तबकडी उलटतो, परत येऊन बसतो. तुम्हाला दोन सुरुवाती लागतात आणि दोन शेवट. सीडीसाठी किंवा फोनसाठी रचलेल्या कामात सुरुवात एकच असते, मधली गाणी 'मधली' म्हणूनच बेतलेली असतात. त्यांतलं एखादं गाणं उठून आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून धरू शकेल का? माझी सगळी निवड आता याच प्रश्नावर ठरते: बी बाजू, म्हणजे तबकडीची दुसरी बाजू, कुठून सुरू होईल? उत्तर चटकन सुचलं नाही, तर काम कितीही लाडकं असो, मी बाजूला ठेवतो.

तपासून बघायला काही लागत नाही. गाणी जोडून दोन फाइली करा, प्रत्येक एका बाजूएवढी. पहिली ऐका, दोन मिनिटं गप्प बसा, मग दुसरी लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर बोट पुढच्या गाण्याकडे जातंच.

एकच रचना ४० मिनिटांची आहे. तोडायची कुठे?

आवाज हळूहळू बुडवायचा आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा वर आणायचा, हा जुना उपाय आहे. मला तो चोरटा वाटतो. रचना जिथे श्वास घेते, लय बदलते किंवा वादक पुन्हा जुळवून घेतात, तिथे तोडा. बाजू १७ आणि २३ मिनिटांच्या झाल्या तरी हरकत नाही. अशी जागाच सापडत नसेल तर ती रचना विनाइलची नव्हे.

माझा अल्बम सीडीच्या काळातला, ७२ मिनिटांचा आहे. काय करू?

सीडीवर आधी ७४ मिनिटं मावत, पुढे ८० मावू लागली. जागा आहे म्हणून आपण सगळ्यांनीच ती भरली. आता दोन वाटा. एक, दोन तबकड्या काढायच्या: चार बाजू, प्रत्येकी १८ मिनिटं. आवाजाच्या दृष्टीने झकास, पण कटिंग आणि दाबणीचा खर्च जवळपास दुप्पट, आणि ऐकणाऱ्याला तीनदा उठवायचं. दुसरी वाट गाळण्याची, आणि मी तिच्या बाजूचा आहे. त्यातली तीन-चार गाणी का ठेवली होती ते तुम्हालाही ठाऊक आहे: कुणाला वाईट वाटू नये म्हणून. इतक्या वर्षांनी ती भीड मोडायला हरकत नाही. गाळलेली गाणी डाउनलोडसोबत देता येतात.

त्यापेक्षा निवडक गाण्यांचा संग्रह काढला तर?

दिसतो तितका सोपा नाही. निरनिराळ्या वर्षांत, निरनिराळ्या खोल्यांत, निरनिराळ्या माइकवर घेतलेली गाणी शेजारी ठेवली की ठिगळं दिसतात. मास्टरिंगमध्ये, म्हणजे प्रती काढण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवताना, ती शिवता येतात, पण शिवण राहतेच. संग्रहच करायचा असेल तर एखादा धागा धरा: एकाच संचाने वाजवलेलं, एकाच जागी घेतलेलं किंवा दोन-तीन वर्षांच्या आतलं.

मूळ मास्टर म्हणजे नक्की काय शोधायचं?

अंतिम स्टिरिओ मिक्स, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवलेलं रूप, पण सीडीसाठी मास्टरिंग होण्याआधीचा. तो सापडला तर अर्धी लढाई जिंकलात. सीडीच्या शेवटच्या काळात सगळंच लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने) चेपून मोठं करायची चढाओढ लागली होती. असा चेपलेला मास्टर तबकडीवर मोठा तर होत नाहीच, वर थकलेला वाटतो.

रीळ सापडलं तर आधी डबा वाचा, वाजवायची घाई नको. गती लिहिलेली असते, सेकंदाला साडेसात, १५ किंवा ३० इंच. डॉल्बी किंवा डीबीएक्स (टेपची खरखर कमी करायच्या पद्धती) लिहिलं असेल तर वाजवताना त्याच पद्धतीने उलगडावं लागतं, नाहीतर आवाज किरटा नाहीतर खालीवर होत राहतो. रिळाच्या सुरुवातीला शिट्टीसारखे सूर ध्वनिमुद्रित केलेले असतील तर ते कापून फेकू नका. टेप मशीन त्या रिळाशी जुळवून घ्यायला तेच कामाला येतात. आणि गतीबद्दल शंका आली तर तुम्ही संगीतकार आहात हे लक्षात ठेवा: तो सूर तेव्हा कुठे लावला होता, ते तुमच्याइतकं कुणाला आठवणार?

हार्डडिस्कवरच्या प्रोजेक्टचं दुखणं वेगळं. फाइल असते, ती उघडणारं सॉफ्टवेअर नसतं, किंवा सॉफ्टवेअर असतं आणि तेव्हाचे प्लगिन (त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम) नसतात. मिक्स तेव्हाच वेगळा काढून ठेवला असेल तर नशीबवान.

टेप चिकट झाली आहे. भट्टीत तापवतात म्हणे?

खरं आहे, पण घरी करू नका. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचा बंधक, म्हणजे चुंबकीय भुकटी पट्टीला धरून ठेवणारा लेप, हवेतला ओलावा शोषून मऊ पडतो. अशी टेप मशीनवर किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिखल सोडते. चिखल म्हणजेच तुमचं संगीत. पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, तापमान एकसारखं राखून, कित्येक तास तापवली की ती काही आठवडे वाजवण्याजोगी होते. तेवढ्यात फाइलवर उतरवून घ्यायची. त्याहून जुन्या ॲसिटेट टेपांना मात्र उष्णता मुळीच दाखवायची नाही. रीळ उजेडासमोर धरा: प्रकाश आरपार दिसला तर ॲसिटेट.

माझ्याकडे फक्त सीडी आहे. किंवा एमपी३.

सीडी चालेल. तिची १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ही मापं तबकडीला पुरून उरतात. प्रश्न फक्त चेपलेल्या मास्टरचा. एमपी३ वर तबकडी काढू नका. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं छाटलेलं असतं, आणि झांजांत जे बुडबुडे ऐकू येतात ते तबकडीवर आणखी उघडे पडतात.

मूळच डिजिटल असेल तर विनाइलवर काढण्यात अर्थ काय?

आवाज 'जास्त खरा' होतो असा दावा मी करणार नाही. मिळते ती बैठक. वीस मिनिटं, मोठं कव्हर आणि मध्ये एकदा उठणं. त्यासाठी काढायची असेल तर मूळ डिजिटल असल्याने काही बिघडत नाही. फक्त कव्हरवर 'ॲनालॉग' छापू नका.

सीडीचाच मास्टर कारखान्याला पाठवला तर?

ते कापून देतील. पण कटिंगसाठी वेगळा मास्टर करून घ्या. १९५४ साली आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या वक्राप्रमाणे खाच कापताना खर्ज बराच उतरवतात आणि वरचे स्वर चढवतात, दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबलपर्यंत. वाजवताना प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) ते उलट करतो. त्यामुळे खरखर दबते आणि खाचा आटोक्यात राहतात. पण आधीच तीक्ष्ण असलेला 'स' कापणाऱ्या हेडपाशी आणखी चढून पोचतो आणि सुईला तो झेपत नाही. म्हणून गायकाचे शीत्कार डी-एसरने आधीच आवरतात.

दुसरी अडचण खर्जाची. डाव्या-उजव्या बाजूचा खर्ज एकमेकांविरुद्ध फेजमध्ये असेल, म्हणजे एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली, तर खाच आडवी न डुलता वर-खाली होते. कुठे फार खोल, कुठे इतकी उथळ की सुई उडते. म्हणून साधारण १५० ते ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यावर, मोनो करतात. दूर-दूर ठेवलेल्या दोन माइकवर घेतलेली आणि पसरट सिंथेसायझरची ध्वनिमुद्रणं इथे अडकतात. आपलं काम एकदा मोनोत ऐकून पाहा. खर्ज गायब झाला तर इंजिनिअरला आधीच कल्पना द्या. आणि मूळ ध्वनिमुद्रण मोनो असेल तर ते मोनोच कापा. नुसती आडवी डुलणारी खाच विनाइलला फार मानवते.

जुन्या चुका दुरुस्त कराव्यात का?

टकटक, गुणगुण, टेपचे तुटलेले सांधे: जरूर. घसरलेला सूर: नाही. आजच्या कानाने त्या वयातलं गाणं सुधारायला बसलात तर एक सुधारणा दुसरीला बोलावते आणि शेवटी हातात ना तेव्हाचं राहतं ना आजचं. नवा मिक्स करायचा मोहही टाळावा, निदान मूळ मिक्स शाबूत असेपर्यंत. लोकांनी जे ऐकलं होतं तेच त्यांना हवं असतं.

थेट कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण किंवा डेमो?

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण बाजूंच्या गणितात छान बसतं, कारण मध्यंतर आयतंच असतं. टाळ्या मात्र जागा खातात. पूर्ण टाळ्या ठेवल्या तर बाजूमागे दोन-तीन मिनिटं सहज जातात. डेमोंबद्दल माझं मत कडक आहे. ते फाइलवर शोभतात. तबकडीवर छापलं की ती तुमची कृती ठरते, मग 'अहो, ते कच्चं होतं' म्हणायची सोय राहत नाही.

हक्क माझेच आहेत असं मी धरून चालू का?

अजिबात नको. एका गाण्यात निदान दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. रचना तुमची असली तरी ध्वनिमुद्रण ज्या कंपनीने खर्च करून केलं तिच्या मालकीचं असू शकतं. जुना करार काढून तीन गोष्टी बघा: ध्वनिमुद्रण कायमचं दिलंय की ठरावीक मुदतीसाठी, करारात कोणती माध्यमं नमूद आहेत, आणि तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यावर बंदी आहे का. कंपनी स्वतः काही काढत नसेल तर फक्त विनाइलपुरता परवाना मागून पाहा, अनेकदा मिळतो. दुसऱ्याची रचना गायली असेल तर दर प्रतीमागे तिच्या मालकाचा वाटा द्यावा लागतो. साथीदारांशी काही लेखी नसेल तर आता करा; कुणी हयात नसेल तर वारसांशी बोला.

कव्हरवरचा फोटो सगळे विसरतात. तो काढणाऱ्याने सीडीपुरती परवानगी दिली असेल, तर १२ इंची कव्हरसाठी पुन्हा विचारायला हवं. शिवाय सीडीसाठी केलेली छोटी फाइल एवढी मोठी केली की चेहरा चौकटी-चौकटींचा होतो.

किती प्रती? कुठला रंग? किती जाड?

लॅकर (मूळ खाच जिच्यावर कापतात ती मऊ लेपाची तबकडी) कापणं आणि त्यावरून निकेलचे साचे काढणं, हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजाराला. म्हणून कमी प्रती महाग पडतात. पण घरात साचलेली खोकी त्याहून महाग. पहिल्या फेरीत कमीच काढा, साचे जपून ठेवायला सांगा. एक साचा साधारण हजारभर प्रती देतो. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भारदस्त लागते, पण नुसत्या वजनाने आवाज सुधारत नाही. रंग हवा तो घ्या, फक्त चित्र छापलेली तबकडी टाळा. खरखर जास्त असते.

टेस्ट प्रेसिंग कसं तपासायचं?

सगळ्या प्रती दाबण्याआधी कारखाना तपासायला मोजक्या प्रती पाठवतो, बहुधा पाचच्या आसपास. एक ऐकून होकार कळवू नका. सगळ्या ऐका, शक्य तर दोन वेगळ्या प्लेअरवर. सगळ्या प्रतींत त्याच जागी टक् वाजलं तर दोष साच्यात किंवा लॅकरमध्ये आहे आणि ते बदलून मागायचं. एकाच प्रतीत असेल तर तो त्या प्रतीपुरता. भोक मध्याला नसेल तर लांबवलेला सूर फेरीगणिक हेलकावतो. पियानो किंवा तंतुवाद्याचा एखादा लांब स्वर धरून ऐका, लगेच कळतं. बाजूचं शेवटचं गाणं दोनदा ऐका. जे बिघडायचं ते तिथेच बिघडतं.

एकूण किती वेळ लागतो?

महिने. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथे अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हा लॅकर तबकड्या बनवणारे जगात मोजून दोन कारखाने होते, दुसरा जपानमध्ये. साखळी इतकी बारीक आहे. टेस्ट प्रेसिंगला होकार देईपर्यंत प्रकाशनाची तारीख जाहीर करू नका. मी केली होती. दोनदा पुढे ढकलावी लागली.

सगळं तपासून झालं, तरी दोन ध्वनिमुद्रणांत निवड होत नाही. मग?

ज्याची टेप जास्त नाजूक आहे ते आधी फाइलवर उतरवून घ्या, रेकॉर्ड निघो वा न निघो. मग दोन्हींच्या दोन-दोन फाइली करून अशा कुणाला तरी ऐकवा ज्याने तुमचं काम आधी ऐकलेलं नाही, आणि पहिली बाजू संपली की खोलीतून बाहेर जा. परत याल तेव्हा त्याने दुसरी लावलेली आहे का बघा. माझ्या वेळी एकाची लावलेली होती. दुसऱ्याच्या वेळी गडी फोन बघत बसला होता. त्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाची टेप उतरवून फाइल कपाटात ठेवली आहे. बी बाजू अजून सापडलेली नाही.